माझ्याच त्वचेची चकाकी

५ फेब्रुवारी. प्रयोगशाळेत त्वचेचे पातळ काप तपासणीसाठी रंगवायचं काम हातात होतं. त्यांत माझ्या दंडाचेही होते. प्रयोगाला पन्नाशीतली त्वचा हवी होती, मी दिली. नवं प्रकाशयंत्र, म्हणजे प्रखर उजेडाचा सूक्ष्मदर्शक, शिकणार का, हे उद्या प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगायचं होतं. या वयात नकोच, असं मी जवळपास ठरवलं होतं.

खास रंग लावला की त्या यंत्राखाली थकलेल्या, म्हणजे वाढ थांबलेल्या, पेशी चकाकतात. माझा काप लावताच संशोधन करणारी केतकी ओरडली, "ताई, तुमच्याकडे तर दिवाळी आहे!"

"म्हणजे सगळ्याच पेशी म्हाताऱ्या?" मी घाबरलेच.

मग मी माझाच न रंगवलेला काप ठेवला. तोही तेवढाच चकाकला. पिकलेली त्वचा रंगाशिवायही उजळते, एवढंच. फक्त थकलेल्या पेशींना निळं करणारा रंग लावून जुन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर थकलेल्या पेशी मोजक्याच निघाल्या, निवृत्तीनंतरही कचेरीत येऊन बसणाऱ्यांसारख्या. आजूबाजूच्या बाकीच्या आपापल्या जागी ठीक होत्या.

आपण स्वतःकडे बहुधा एकाच दिव्याखाली पाहतो आणि निकाल लावून मोकळे होतो. दुसरा दिवा लावायला फारसा वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सरांना हो म्हटलं, आणि यंत्राचा उजेड कमी कुठून करायचा, ते आधी विचारून घेतलं.