डॉक्टरांच्या बाह्या

आमच्या डॉक्टरांचे निदान लोक त्यांच्या तोंडावरून नव्हे, सदऱ्याच्या बाह्यांवरून ओळखत. रोग्याच्या घरी शिरले की कोट खुंटीला, बाह्या कोपरापर्यंत वर, आणि मग नाडी. आपल्या हातून आता काही होणार नाही असे वाटले, की ते नकळत बाह्या खाली ओढून मनगटाशी बटणे लावीत, आणि घरातल्या बायका रडायला लागत. हे ठाऊक नसलेला गावात एकच माणूस होता, तो म्हणजे डॉक्टर स्वतः.

मी तेव्हा रेवदंड्याच्या शाळेत मास्तर होतो आणि त्यांच्या दवाखान्याच्या माडीवर राहत होतो. खाडीच्या अलीकडे-पलीकडे, पार मुरुडच्या वाटेवरच्या वाड्यांपर्यंत, हा एकच डॉक्टर. लग्नाला सवड झाली नव्हती. जोडीला दुसरा डॉक्टर येईल म्हणून ते वर्षानुवर्षे वाट पाहत. एक तरुण आला, एक पावसाळा कसाबसा राहिला आणि हिवतापाने थडथडत पहिल्या बोटीने मुंबईला परतला.

"मास्तर, गंमत बघा," डॉक्टर म्हणाले, "इथं ताप आहे म्हणून डॉक्टर हवा, आणि ताप आहे म्हणूनच डॉक्टर टिकत नाही." हसले मात्र नाहीत. जेवताना हाक आली तरी ते निमूट हात धुऊन उठत. पूर्वी चिडत, असे लोक सांगत. माझ्या वेळेपर्यंत तेही संपले होते.

तो ताप त्यांच्याही अंगात मुरला होताच. कोळीवाड्यात होडी चालवणाऱ्या एका तांडेलाच्या मुलाला तपासताना त्यांना हुडहुडी भरली आणि त्यांनी बाह्या खाली ओढल्या. झाले! आईने हंबरडा फोडला, पोराला खाटेवरून जमिनीवर घेतले, कोणी तोंडात तुळशीपत्र घातले. पोराने ते थुंकून टाकले आणि म्हणाला, "आये, मना पेज दे."

"अहो, थंडी मला वाजतेय!" डॉक्टर ओरडले.

कोळीवाडा कितीतरी दिवस हसत होता. डॉक्टरांना मात्र आपल्या बाह्यांचा अर्थ त्या दिवशी कळला. त्यानंतर कोणाच्याही घरी त्यांनी बाह्या खाली केल्या नाहीत. अंगात ताप असला तरी हात उघडे, त्यांवर काटा उभा. "औषध नाही, निदान आशा तरी राहू दे," ते म्हणाले. मला ते पटले होते.

मग मुरुडच्या वाटेवरच्या एका मुसलमान घरातला तरणा मुलगा गेला. त्याची आई दवाखान्यात आली. भांडायला नव्हे, तिचा आवाजही चढला नाही.

"डॉक्टरसाब, तुमी आस्तीन खाली केली असती तर त्याच्या उशाशी कुराणातली यासीन तरी वाचली असती. आमी आपली दवाच पाजत बसलो."

 त्या दिवशी डॉक्टर जेवले नाहीत, आणि मीही आग्रह केला नाही.

पुढे ते स्वतः तापाने पडले. अलिबागला निरोप पाठवला, पण तिथले डॉक्टर साथीत अडकलेले. इकडे दवाखान्याच्या ओटीवर रोगी नेहमीसारखे येऊन बसलेच होते. डॉक्टरांनी पडल्यापडल्या उजवी बाही खाली ओढली, मग डावी. बटण काही लागेना.

"मास्तर, एवढं लावा. बाहेर सांगा. उगाच थांबायला नकोत."

मी लावले. मला रडू आले नाही. बटणाचा दोरा सुटत आलाय, शिवायला हवा, एवढेच मनात आले.

मी बाहेर आलो तेव्हा तो तांडेल उठून उभा राहिला. "मास्तर, बाह्या?"

"खाली."

तो तुळस आणायला गेला. बाकीचे बसूनच राहिले. तापाने फणफणलेले पोर कडेवर घेतलेल्या एका बाईने मला विचारले, "मंग आता आमी कोनाकरं जावं?"

 मग तिने पोराच्या डोक्यावर पदर घेतला आणि अलिबागच्या रस्त्याने चालू लागली.