पश्चिमेला भिंत नको

रिकाम्या चरवीत पडणाऱ्या दुधाच्या पहिल्या धारेचा आवाज तुम्ही कधी कान देऊन ऐकला आहे का? आधी तो टणक असतो, धातूवर नखाने रेघ ओढावी तसा. मग तळ झाकला जातो आणि तो मऊ होत होत खर्जात उतरतो. चरवी अर्धी भरली की फेसाच्या आत शिरून स्वतःशीच काहीतरी पुटपुटत राहतो. माघातल्या संध्याकाळी, नदीवरून वर येणाऱ्या ओल्या गारव्यात हा आवाज ऐकत उभं राहिलं की मला वाटतं, दिवस मावळत नाहीये, कुणीतरी तो हलक्या हाताने पिळून घेतंय आणि त्याचा शेवटचा, सर्वांत दाट, सर्वांत उबदार अंश आपल्या पेल्यात पडतोय.

हा आवाज आमच्या कट्ट्यावरचा. कोल्हापुरात नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक मोकळी जागा आहे, तिथे कमरेएवढा एक लांबट दगडी कट्टा आहे, बस, एवढंच. दिवसभर तिथे ऊन आणि कुत्री झोपतात. संध्याकाळ झाली की पश्चिमेच्या उतारावरून, पाण्यात डुंबून आलेल्या म्हशी ओल्या शाळिग्रामासारख्या चमकत वर येतात, आपापल्या जागी उभ्या राहतात, आणि तुमच्या देखत धार काढून ते कोमट, फेसाळ दूध तुमच्या हातात दिलं जातं. कचेरीतून सुटलेले बाबू, तालमीला निघालेली पोरं, भाजीच्या पिशव्या सांभाळणाऱ्या बायका, सगळे तिथेच उभे राहून पितात, ओठावरच्या पांढऱ्या मिशा पुसतात आणि शहराच्या बऱ्यावाईटाचा निकाल लावून घरी जातात. याला सभागृह म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

आणि या सभागृहाचा एक अलिखित नेम आहे. पहिली धार आण्णांची. आण्णा शाहूपुरीतले गुळाचे जुने व्यापारी, जैन. सूर्य मावळल्यावर पाण्याचा थेंबही घेत नाहीत. म्हणून कट्ट्यावर म्हशी आणणाऱ्या आक्काताईंनी आपल्या मैनेची, म्हणजे कट्ट्यावरच्या सर्वांत थोरल्या म्हशीची, पहिली धार काढायची. आण्णांनी ती खिशातल्या पांढऱ्या शुभ्र फडक्यातून गाळून घ्यायची. पश्चिमेला नदीपलीकडच्या उसावर टेकलेल्या सूर्याकडे एकदा पाहायचं आणि प्यायचं. मग बाकीच्यांनी पेले उचलायचे. त्याआधी कुणी उचलत नाही. हा नेम कुणी घातला, केव्हा घातला, कुणालाच आठवत नाही. जो मोडला तर शिक्षा नाही आणि तरीही जो मोडत नाही, त्या नेमाइतकं भक्कम बांधकाम जगात दुसरं कोणतं असेल?

आता बांधकामाचाच विषय निघालाय तर स्पष्ट बोलते. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. चौकात उभी राहून ती वाटणारीही मीच. सार्वजनिक इमारत म्हटली की माझ्या डोक्यात सणक जाते. ज्या बाकावर पाठ टेकत नाही तो बाक, जो उतार थेट गटारात उघडतो तो अपंगांसाठीचा उतार, जिथे मोडक्या खुर्च्या कोंबल्यात तो महिला कक्ष, आणि ज्याची किल्ली घेऊन कुणीतरी जेवायला गेलेलं असतं ते स्वच्छतागृह! कुणाला विचारून बांधता हे? माणसाच्या पायाला, पाठीला, तहानेला, संकोचाला एकदा तरी विचारलंत? शिंपीसुद्धा कापडाला कात्री लावण्याआधी अंगाला टेप लावतो हो. इथे इमारत आधी शिवतात आणि मग माणसांना सांगतात, घाला, होईल.

तर आमच्या कट्ट्यावर एक ‘सुसज्ज दूध विक्री केंद्र’ येणार होतं. नकाशात पश्चिमेच्या अंगाला दुकानगाळ्यांची सलग रांग, पूर्वेला काचेचं दार, आत फ्रिज आणि फ्रिजमध्ये पिशव्या. म्हशींना उतारावरून यायची वाट गाळ्यांखाली गडप. म्हणजे केंद्र दुधाचं आणि म्हशीला प्रवेश नाही! आक्काताईंना मी नकाशा समजावून सांगितला तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “मग आमची मैना काय फ्रिजात बसून धार देनार हाय व्हय?” मी खूश होऊन म्हणाले, “तेच की! आपण ही इमारत होऊच द्यायची नाही.” त्यावर त्या माझ्याच अंगावर आल्या. “न्हाय कशाला? इमारत पायजे! डोस्क्यावर पत्रा पायजे, नळ पायजे. सांजच्याला तीन-तीन तास हुबं ऱ्हातो आमी बायका, जायाचं कुटं? ते तुज्या कागदावर लिव्ह की पयल्यांदा!” मी लिहिलं. आणि खाली ठळक अक्षरांत आणखी एक मागणी जोडली: नकाशा कागदावर नको, जमिनीवर दाखवा.

नकाशा काढणारा सुहास पेठ वडगावचा, माझ्याच वयाचा. मला वाटलं होतं, तो पत्रकाचं विमान करून उडवून देईल. पण तो एका दुपारी फक्कीची पोती घेऊन हजर झाला. फक्की म्हणजे पाया खणण्याआधी आखणीसाठी टाकतात ती पांढरी पूड. त्याने सगळी इमारत तिच्या खऱ्या मापात जमिनीवर रेखली: भिंती, दारं, खोल्या, नळ, बायकांसाठीचा आडोसा. त्याच्या कचेरीतले मोठे साहेबही त्याच संध्याकाळी येणार होते. त्यांचा शेरा पडला की काम सुरू, आणि गाळे नसतील तर इमारतच नाही, हे त्यांचं ठरलेलं मत होतं. म्हणजे आमच्यापुढे दोनच वाटा होत्या. गाळे घ्या आणि म्हशी घालवा, नाहीतर म्हशी ठेवा आणि उन्हापावसात तसेच उभे राहा.

त्या संध्याकाळचं काय सांगू! उतरत्या उन्हात त्या पांढऱ्या रेषा अशा उजळल्या होत्या, जणू चांदण्याने घर बांधायला घेऊन अर्ध्यावर सोडलं होतं. एकेक करून लोक आले, आणि मी पाहते तर काय, कुणी रेषा ओलांडेना! नाकासमोर सगळं मोकळं असून जो तो वळसा घालून फक्कीच्या दारातूनच आत येत होता. एक आजोबा रेषेपाशी थांबले आणि त्यांनी चपला बाहेर काढल्या. आक्काताई चांगल्या उंचनिंच. त्या दारात नसलेल्या चौकटीखाली मान लववून आत शिरल्या. “आक्का, ठेच लागंल उंबऱ्याची!” कुणीतरी ओरडलं. “उंबरा कुठं हाय रं, मुडद्या?” म्हणत त्यांनी पाय मात्र उचलूनच टाकला. लोक हसले, मीही हसले, पण आत कुठेतरी हललं. जी माणसं पुडीच्या रेघेचा एवढा मान राखतात, त्यांना आपण खरोखरीच्या भिंती किती बेपर्वाईने बांधून देतो! घर आधी मनात उभं राहतं म्हणतात. त्या संध्याकाळी ते शंभर जणांच्या मनात एकाच वेळी उभं राहताना मी पाहिलं. नेम पाळला नाही तो फक्त म्हशींनी. त्या भिंतींतून आरपार चालत आल्या, स्वप्नातली माणसं येतात तशा.

रेघेवरून भिंतीची उंची कळत नाही, म्हणून सुहासने गाळ्यांच्या जागी, पश्चिमेच्या अंगाला, बांबू रोवून त्यांवर निळी ताडपत्री ताणून बांधली होती. मैना सगळ्यांत शेवटी ताडपत्रीला वळसा घालून आली, जागेवर उभी राहिली, पण वाऱ्याने ताडपत्री फडफडली की तिचे कान टवकारायचे. तिने पान्हा चोरला. आक्काताई तिच्या पाठीवर थापटत राहिल्या, “माझी बाय ती, माझी सोन्याची, आगं कापड हाय ते,” पण धार काही सुटेना. एवढ्यात साहेब आले. कुणीतरी त्यांच्या हातात शेजारच्या म्हशीच्या दुधाचा भरला पेला दिला, ते तोंडाला लावणार, तोच चारी बाजूंनी आवाज आला, “पावणं, थांबा! पयली धार आण्णांची.” साहेब पेला तसाच धरून थांबले. का थांबायचं हे त्यांना कळलं नव्हतं. पण थांबले, हे मी विसरणार नाही.

शेवटी मैनेने दूध सोडलं. आक्काताईंनी घाईघाईने पहिली धार आण्णांपुढे धरली, आण्णांनी फडक्यातून ती गाळली आणि सवयीने मान वर करून पश्चिमेला पाहिलं. समोर निळी ताडपत्री. कट्ट्यावर सावली दाटली होती, माणसांचे चेहरे सावळे झाले होते. आण्णांनी पेला हळूच दगडावर ठेवला. “असू दे आक्का. आज ऱ्हायलं.” साहेबांनी मनगटावरचं घड्याळ पुढे केलं. “अहो, अजून सूर्यास्त झालेला नाही. घ्या, वेळ आहे.” आण्णा हसून म्हणाले, “असंल हो साहेब. पर मला दिसत न्हाय, मग मी कसा पिऊ?” साहेब म्हणाले, “आणि ढगाळ असलं म्हणजे काय करता?” उत्तर आक्काताईंनी दिलं, आणि असं दिलं की नदीपलीकडे ऐकू गेलं असेल. “तवा बघत्यात की क्यालेंडर! ढग काय माणसानं बांधलाय व्हय? ही भिंत तुमी बांधनार हाय!”

मग जे झालं त्याला मी शांतता म्हणणार नाही. शांततेत एवढं वजन नसतं. आण्णांनी पेला ठेवला म्हणून कुणीच पेला उचलला नाही. तालमीची पोरं, बाबू, पिशव्या घेतलेल्या बायका, सगळे हातात दूध घेऊन उभे, आणि फेस हळूहळू विरतोय. माझ्या पिशवीत नव्या पत्रकांचा गठ्ठा होता, जिभेवर घोषणा तयार होती. पण हात पिशवीकडे गेलाच नाही. इतक्या माणसांच्या तहानेने आपण होऊन धरलेल्या त्या मौनापुढे माझी सगळी उद्गारचिन्हं किती कृश वाटली!

ताडपत्रीची दोरी साहेबांच्या सगळ्यांत जवळ होती. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, दगडावरच्या त्या न प्यायलेल्या दुधाकडे पाहिलं, आणि एका हाताने पेला सांभाळत दुसऱ्या हाताने गाठ ओढली. निळी भिंत सळसळत खाली आली, आणि उसाच्या तुऱ्यांवर, अजून वीतभर वर, तो होता! केशरी, शांत, कुणावरही न रागावलेला. कट्ट्यावरचा प्रत्येक पेला एकदम उजळला. “प्या, आण्णा, प्या की!” आक्काताई ओरडल्या. आण्णांनी सूर्याकडे पाहिलं आणि पेला तोंडाला लावला. मग सगळ्यांनी लावला. साहेबांनीही. पांढरी मिशी पुसत ते सुहासला एवढंच म्हणाले, “गाळे उत्तरेला सरकवता येतील का रे? निम्मेच बसले तरी चालतील.”  सुहासने फक्कीचं घमेलं उचललं आणि पायाने पश्चिमेची रेघ पुसायला लागला.

मी खूप ठिकाणी वाचलं, ऐकलं, लिहिलंही की इमारत लोकांसाठी असावी. पण ‘लोक’ हा शब्द पत्रकावर किती गुळगुळीत होऊन बसतो! लोक म्हणजे एक म्हातारा, त्याचा पेला आणि त्याला दिसायला हवा असलेला सूर्य. लोक म्हणजे फडफडणाऱ्या कापडाला बिचकणारी मैना, आणि तीन तास उभं राहून कुठे जायचं हे मोठ्याने विचारायला न लाजणाऱ्या आक्काताई. एका माणसाची सवय सांभाळायला गेलं की भोवतालच्या शंभर जणांना उजेड मिळतो. मग वास्तू म्हणजे तरी काय? आपण एकमेकांसाठी किती वेळ थांबू शकतो, याचं दगडात काढलेलं मापच ना?

इमारत अजून पुरी झालेली नाही. काम रडतखडत चाललंय, आणि त्याबद्दल माझं पुढचं पत्रक तयार आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण छप्पर पडलंय, नळाला पाणी आलंय, बायकांच्या आडोशाला आतून कडी आहे आणि किल्ली आक्काताईंच्या कमरेला. खाली खडबडीत दगड आहे, खुर टिकेल असा. आणि पश्चिमेला काही नाही; फक्त दोन खांब आणि त्यांच्यामधून वर येणारी म्हशींची वाट.

काल संध्याकाळी मी तिथे उभी होते. जिथे तेव्हा फक्कीचं दार होतं तिथे आता दार नाही, तरी आत शिरताना माझी मान आपोआप लवली. साहेब हल्ली अधूनमधून येतात, काल त्यांना यायला उशीर झाला तर आक्काताई लांबूनच ओरडल्या, “ये की रं लवकर, सूर्य काय तुज्या बापाचा नोकर हाय?” पावणं म्हणायचं त्यांनी कधीच सोडून दिलंय. मग त्या मैनेखाली बसल्या. रिकाम्या चरवीत पहिली धार पडली, टणक, नखाने ओढलेल्या रेघेसारखी. आण्णांनी फडकं काढलं. दोन खांबांच्या मधे सूर्य उसावर टेकत होता, आणि आम्ही सगळे, हातात कोमट पेले धरून, तो आवाज मऊ होण्याची वाट पाहत थांबलो होतो.