टेप लावलेलं गेज

समजा, सकाळचे सहा वाजलेत आणि तुम्ही एका मोटरहोमच्या मागच्या चाकापाशी उकिडवे बसला आहात. वर स्वयंपाकाचा ओटा, चार जणांच्या झोपायच्या जागा, न्हाणीघर, पाण्याची भरलेली टाकी. असं अख्खं बिऱ्हाड सहा चाकांवर उभं आहे. मागे जोडचाकं. बाहेरच्या चाकाची हवा बघणं सोपं, आतल्यासाठी मात्र हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. चाक गार आहे, ऊन अजून आलेलं नाही. तुम्ही हवा मोजायचं गेज लावता, काटा हव्या त्या ऐंशीवर येतो, झाकणी घट्ट करता. आता ही गाडी कुणाच्याही बायकापोरांना घेऊन निघायला मोकळी, कारण तुम्ही हो म्हणालात.

हवामास्तर एकोणीस वर्षं असं हो म्हणत आले होते. मोटरहोम भाड्याने देणाऱ्या त्या यार्डात त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक. त्यांचा हात लागल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर पडत नसे. "टायरला लाथ मारून हवा बघणारे शहाणे मी पाहिलेत," ते नव्या माणसाला दरडावत, "आणि नंतर रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलेले तेच शहाणेही पाहिलेत." त्यांचं पितळी गेज कायम सदऱ्याच्या खिशात. काचेला आडवी चीर, तिच्यावर काळी टेप.

त्या दिवशी सात वाजता त्यांची लेक, जावई आणि दोन नातवंडं एक गाडी घेऊन निघाली. नऊला मालकीणबाई नवं गेज घेऊन आल्या.

"मास्तर, हे वापरून बघा. ठळक आकडे दिसतात, चष्मा शोधायला नको."

"बाई, माझा चष्मा हरवतो. अंदाज नाही हरवत."

तरी गंमत म्हणून त्यांनी उभ्या गाडीच्या एकाच चाकाला दोन्ही लावली. जुनं म्हणालं ऐंशी. नवं म्हणालं अडुसष्ट.

"बघा! कालचं जन्मलेलं, आणि आजच खोटं बोलायला लागलं."

नव्याची खोड जिरवायची म्हणून ते समोरच्या ट्रकच्या गॅरेजमधून तिसरं गेज मागून घेऊन आले. तेही म्हणालं अडुसष्ट. मास्तरांनी जुनं पुन्हा लावलं. ऐंशी. मग त्यांनी फाटकाकडे पाहिलं आणि खिशातला फोन काढला.

"बाबा, दोन तास तर झालेत निघून. आता काय विसरलं?" लेक म्हणाली.

"गाडी हळू घ्यायला सांग. पहिला पंप लागेल तिथे सावलीत थांबा. चाकांत हवा कमी आहे."

"अहो, तुम्हीच तर भरलीत!"

"मीच भरली. म्हणून तर सांगतोय."

वीस मिनिटांनी तिचा फोन आला. "पंपावरच्यानं बघितली. ऐंशीच्या जवळ आहे. हे म्हणतायत, सासरेबुवांना आमच्याशिवाय करमत नाहीसं दिसतंय."

"जावईबापूंना सांग, करमतंय का ते मी संध्याकाळी कळवीन. चाक पळून तापलंय, आतली हवाही तापलीय. हा आकडा तापाचा आहे, तब्येतीचा नाही. तीन तास चाकाला हात लावू नका, मग बघा."

"तीन तास? पोरं मला फाडून खातील!"

"ओट्यावर काहीतरी कर आणि खायला घाल. घर बरोबर घेऊन निघालीस ना?"

ती हसली. मास्तरांना हसता आलं नाही. ते यार्डातल्या बाकावर बसले, उठले, पुन्हा बसले. डबा तसाच राहिला.

एकच्या सुमाराला फोन वाजला. "बाबा, तुमचंच बरोबर. सगळी मागची चाकं सत्तरच्या खाली. आतलं एक तर सदुसष्ट. सगळ्यांत ऐंशी भरून घेतली." आणि मग, "जेवलात का?"

"जेवतो."

मालकीणबाई म्हणाल्या, "पोरगी सुखरूप आहे ना? मग सोडा आता विषय." पण मास्तरांना सोडता येईना. एकदा ते गेज शिडीच्या पायरीवरून सिमेंटवर पडलं होतं. काटा थरथरून शून्यावर परत आला, म्हणून त्यांनी ते ठणठणीत धरलं आणि चिरेवर टेप लावली. शून्यावर खरं बोलणारं गेज ऐंशीवर खोटं बोलू शकतं, हे त्यांना तेव्हा सुचलंच नाही.

आणि ते आजोबा, यार्डाचं जुनं गिऱ्हाईक. चार वर्षांपूर्वी आजींना घेऊन फिरायला गेले आणि मागचं चाक फुटलं, गाडी दुसऱ्या गाडीने ओढून आणावी लागली. त्या फाटलेल्या टायरकडे बघत मास्तर सगळ्यांदेखत म्हणाले होते, "आजोबा, कडेच्या दगडावर चढवलीत तुम्ही." आजोबांनी क्षणभर आठवून पाहिलं. "मला तर काही लागल्यासारखं वाटलं नाही," ते म्हणाले, "पण चढवली असेन. आता हात साथ देत नाहीत." किल्ली टेबलावर ठेवताना ते आजींना म्हणाले, "झालं आपलं फिरणं." पुन्हा ते कधी आले नाहीत.

त्या फेरीची तारीख वहीत आहे. मास्तरांनी ती काढून पाहिली. गेज पडल्याची तारीख मात्र कुठेच नाही. ते यार्डातल्या गाड्यांच्या गाद्या शिवणाऱ्याकडे गेले. टेप त्याच्याकडचीच होती.

"दिली होती खरी," तो सुई न थांबवता म्हणाला, "पण कधी ते कुणाच्या लक्षात राहतंय, मास्तर?"

तेव्हापासून मास्तर रोज सकाळी नवं गेज वापरतात. जुनं अजून खिशातच असतं. वहीतून उतरवलेला आजोबांचा पत्ताही त्याच खिशात आहे, आणि जो भेटेल त्याला ते एकच विचारतात: हे गेज पडलं ते आजोबांच्या त्या फेरीच्या आधी, की नंतर?