घुंगरकाठी

परवा बाजारात पिकल्या सीताफळांचा वास आला आणि टेंभुर्णीचे काका आठवले. फौजेतून परतलेल्या काकांच्या कमरेला परवान्याचं पिस्तूल असायचं, त्याचा मला केवढा अभिमान!

डोंगरात सीताफळांना जाताना आम्ही घुंगरकाठी आपटत जायचो. आवाजानं अस्वलं आपणहून दूर व्हायची. त्या सकाळी काका म्हणाले, "ठेव ती काठी, पोरी. पिस्तूल हाय, मंग कशाला भ्यायचं?"

मुकाट चालताना वळणावर अस्वलाची मादी एकदम समोर आली. काकांनी गोळी झाडली. ती पडली, पण पाठीवरच्या पिल्लानं तिचे केस सोडले नाहीत.

परतताना काकांनी एक वाळकं लाकूड उचललं आणि घरापर्यंत ते दगडांवर आपटत राहिले.