पाणकणसात मालू

खाडीकाठच्या जूचंद्र गावची मालू कशाला घाबरते असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मांडीपर्यंत चिखलात रुतून बिळातल्या चिंबोऱ्या, म्हणजे मोठाले खेकडे, लोखंडी आकडीने ओढून काढायच्या, हे तिचं आयुष्यभराचं काम. एकदा चिंबोरीने बोट फोडलं, तेव्हाही तिने आधी चिंबोरी टोपलीत टाकली आणि मग हात पदरात गुंडाळला.

खाडीकडे जायची तिची वाट जुन्या मिठागरातून होती. मीठ पिकायचं तेव्हा तिथे गवताची काडी उगवत नसे. मिठागर बंद पडलं, शेजारी बिल्डिंगी उठल्या, त्यांचं सांडपाणी खाली साचलं आणि त्यात लांब पात्यांचं पाणकणीस माजलं. आधी कमरेएवढं, मग डोक्यावर. यंदा वैशाख सरत आला, सगळीकडचं गवत करपलं, तरी हे दोन पुरुष उंच आणि हिरवंगार. फक्त बुडाशी गेल्या वर्षीच्या वाळक्या पात्यांचा खच. आत शिरलं की बिल्डिंगीसुद्धा दिसत नसत. वारा नसला तरी कुठेतरी पात्यावर पातं घासायचं. मालू आताशा तिथून भरभर चालायची, मागे वळून बघायची नाही.

"आये, तिथून नको जाव," तिचा मुलगा विघ्नेश म्हणाला. "लोक बोलतात, आत बिबट्या हाय."

"बिबट्या काय सांडपानी प्यायला येल?" ती हसली. पण आकडी तिने घट्ट धरली.

त्या दुपारी भरली टोपली घेऊन ती परतत होती. वाऱ्याने पाणकणीस आडवं करून वाट बुजवलेली. बाजूने जाऊ म्हणून ती आत घुसली, वळली, पुन्हा वळली आणि एकदम थांबली. चारी बाजूंना सारखंच. आपण आलो कुठून, तेच कळेना.

इतक्यात बिल्डिंगीकडून ओरडा आला. "वो देखो, कुछ हिला! तिकडे, तिकडे!"

मग फटाके. पहिली माळ संपायच्या आत दुसरी.

ते तिलाच बिबट्या समजत होते. "मी मानूस हाय!" ती किंचाळली. "अरे, मानूस हाय आत!" फटाक्यांत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही. ती खाली बसली, तोंडावर हात दाबून.

धुराचा वास आला, तेव्हा ती उठली. फटाक्यांच्या ठिणग्यांनी बुडाचा वाळका खच तडतडत पेटत येत होता. तिच्या पायावरून एक घूस धावली, मागून साप सरसरत गेला. सगळं एकाच दिशेने पळत होतं. मालूने टोपली टाकली आणि त्यांच्यामागे धावली. पाती गालाला कापत होती, राख डोळ्यांत जात होती. पायाखालची जमीन संपली आणि ती खाडीत पडली.

भरतीचं पाणी गळ्याला लागलं होतं. तिवराची फांदी धरून ती आग बघत राहिली. पलीकडे गॅलऱ्यांत माणसं मोबाईल धरून उभी होती. विघ्नेश शोधत आला, तेव्हा तिच्या भुवया जळलेल्या होत्या आणि फांदीवरची बोटं त्याला एकेक करून सोडवावी लागली.

दुसऱ्या दिवशी संपदा आली. बिल्डिंगीत तिसऱ्या मजल्यावर राहणारी, रविवारी मालूकडूनच चिंबोऱ्या घेणारी. दारातच उभी राहिली.

"मावशी, पहिल्यांदा मीच पाहिलं. मीच सगळ्यांना हाका मारल्या."

मालूने मान वर केली. "बाय, वरनं कसं दिसत होतं?"

"नुसते शेंडे हलत होते. मध्येच थांबायचे. आम्हाला वाटलं, दबा धरून बसलाय."

"थांबले तवा मी रडत होते," मालू म्हणाली.

संपदा उंबऱ्यावर बसली. मालूने तिला पाणी दिलं.

पावसात जळक्या खुंटांना कोंब फुटले. भाद्रपदात पाणकणीस पुन्हा डोक्यावर गेलं, आधीपेक्षा दाट. एकदा मालू आकडी घेऊन कडेपर्यंत गेली. आत काहीतरी हललं, बहुधा पाणकोंबडी. ती आल्या पावली परतली.

आता ती नाक्यावर सुकी मासळी विकते. कुणी चिंबोऱ्या मागितल्या, तर बोंबलाची जुडी पुढे सरकवते आणि म्हणते, "मी नाय जात तिकडं."