धानोऱ्याच्या मशीनमधला व्हायरस

धानोऱ्याच्या त्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस नव्हता. हे मला तेव्हाच माहीत होतं, आणि आजवर मी ते कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही.

मोबाईलवर नेट यायच्या आधीची गोष्ट. चंद्रपुरात एका नर्सिंग शाळेच्या ऑफिसात मी कॉम्प्युटर सांभाळायचो. कागदी फॉर्म बंद, प्रवेशाचा फॉर्म वेबसाईटवरूनच, असं संस्थेच्या सचिवांनी त्या वर्षी ठरवलं. वेबसाईट मीच बनवलेली. आठवड्याभरात तिच्यात कचरा यायला लागला. कुठेतरी परदेशात कुणी सोडलेले प्रोग्राम आपोआप फॉर्म भरायचे. नावाच्या जागी वाट्टेल ती अक्षरं, पत्त्याच्या जागी गोळ्यांच्या जाहिराती. तो कचरा मी रोज सकाळी हाताने काढायचो आणि सचिव सगळ्या स्टाफपुढे विचारायचे, "काय हो, झाडू मारून झाला का?"

म्हणून फॉर्मच्या खाली मी एक चौकट लावली. तयार मिळायची. कोडच्या दहा ओळी चिकटवल्या की वेड्यावाकड्या इंग्रजी अक्षरांचं चित्र यायचं. ते वाचून अक्षरं टाकली तरच फॉर्म पुढे सरकणार. वर लिहिलं होतं, 'तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.' हे मराठी माझं. लिहिताना त्यात मला काही वावगं वाटलं नाही, याचा राग आज सगळ्यात जास्त येतो.

त्याला मी माझी अक्कल जोडली. एकाच ठिकाणाहून लागोपाठ पाच फॉर्म आले की चित्र आणखी अवघड. तरीही येतच राहिले, तर ते ठिकाण दिवसभरासाठी बंद. एका दमात दहा फॉर्म कोणता माणूस भरतो?

धानोऱ्यात भरायचा, आणि मी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. माहितीपत्रकं वाटायला गडचिरोलीपलीकडे धानोऱ्याला गेलो तेव्हा तिथल्या एकुलत्या एक नेटच्या दुकानात चहा प्यायलो होतो. दुकान एका मुसलमान चाचांचं. आधी तहसीलीसमोर टाइपरायटर घेऊन बसायचे. लाइट दुपारी एकला यायची आणि चारला जायची. जंगलातल्या गावांतून पोरी सकाळच्या गाडीने येऊन बाहेरच्या बाकड्यावर बसायच्या, दाखले प्लास्टिकच्या पिशवीत. चाचा सगळ्यांचे कागद ओळीने लावून ठेवायचे आणि लाइट आली की एकामागून एक फॉर्म हाणायचे. बोटं दिसायची नाहीत. "माह्या हातचा फॉर्म वापस नाई येत, भाऊ," असं तेव्हा म्हणाले होते. गर्वाने नाही, चहा ओतता ओतता.

शेवटच्या तारखेला जेवणानंतर मी अडवलेल्यांची यादी छापून सचिवांकडे नेली. त्यांनी ती हवेत हलवून स्टाफला दाखवली. "बघा, याला म्हणतात काम. एवढे भामटे एका दिवसात कोंडले." पहिल्यांदाच माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी टेबलाशी येऊन बसतो न बसतो तोच फोन वाजला.

"भाऊ, तुमची वेबसाईट मले मानूसच मानून नाई राह्यली," चाचा हसत होते. "घरवाली तं वीस वर्षांपासून तेच म्हनते. पन वेबसाईटले हे कोनं सांगतलं?"

"अक्षरं नीट पाहून टाका, चाचा."

"पाहूनच टाकून राह्यलो. अकरा पोरी हायेत. पाचजणींचं गेलं. आता चित्रच येत नाई, 'उद्या या' म्हनते. आज तं शेवटची तारीख."

यादी माझ्यासमोरच होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. एक वाजून दहा मिनिटांपासून एकाच कॉम्प्युटरचा नंबर, पानाच्या खालपर्यंत. सचिवांनी हवेत हलवलेले भामटे म्हणजे धानोऱ्याचं बाकडं होतं.

चाचांनी फोन एका पोरीला दिला. "बोल बाई, तूच सांग साहेबाले."

"सर, मी हावो इथी," ती म्हणाली. "माहा फॉर्म घ्या ना."

पाच फॉर्मच्या मर्यादेतला पाच बदलून वीस करायचा होता. दोन मिनिटांचं काम. तेही नको, सहा नावं फोनवर लिहून घेतली असती तरी चाललं असतं. पण मग सचिवांकडे जाऊन म्हणावं लागलं असतं की साहेब, ते भामटे नव्हते. आणि खांद्यावरचा हात अजून गरम होता. थू.

"चाचांना फोन दे," मी तिला म्हणालो. मग त्यांना सांगितलं, "तुमच्या मशीनमध्ये व्हायरस आहे. त्यामुळे अडतंय."

चाचा म्हणाले, "असं का. मंग आमचीच चूक."

मी सचिवांना शिव्या देत वर्षं काढली. त्या चौकटीला दिल्या, लोडशेडिंगला दिल्या, सगळं कॉम्प्युटरवर हवं म्हणणाऱ्या सरकारला दिल्या. त्यांच्यावरचा राग खोटा नाही. पण व्हायरस हा शब्द त्यांच्यापैकी कुणी उच्चारला नव्हता.

आठवड्याने पुन्हा फोन आला.

"भाऊ, गडचिरोलीहून माणूस बोलावून मशीन पुरी पुसून घेतली. गावच्या लोकायचे तीन वर्षांचे अर्ज होते त्यात, तेही गेले. पन व्हायरस साफ. आता घेता का सहाजणींचे?"

"तारीख गेली, चाचा."

"हो, ते तं हायेच," ते म्हणाले. "पोरींच्या घरच्यायले मी सांगतलं, चूक माह्या मशीनची. दोघं-तिघं लई बोलले. बोलूच देलं. पोरीचं नुकसान झाल्यावर मानूस बोलनच."

"ठीक आहे," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.

नंतर दोनदा बसने धानोऱ्यावरून गेलो. दुकान आहे, चाचा आहेत, दाराशी बाकडंही आहे. दोन्ही वेळा त्यावर कुणी बसलेलं दिसलं नाही. मी उतरलो नाही.

त्या सहाजणींच्या जागा मला परत देता येणार नाहीत. धानोऱ्याला उतरून, त्या दोघा-तिघांना बाकड्यापाशी बोलावून, चाचांच्या देखत एवढं सांगायचं आहे की मशीन चांगली होती, खोटं मी बोललो. तेवढं माझ्याकडून अजून देणं आहे.