सासूबाईंच्या शेंगा आणि माझा आलेख

अर्धांगवायूनं लुळा पडलेला सासूबाईंचा उजवा हात मी एका आठवड्यात ठणठणीत बरा केला. कागदावर.

तेव्हा आम्ही बिबवेवाडीत राहत होतो. ह्यांची कंपनी हडपसरला, आणि मी नुकताच कॉम्प्युटरचा क्लास पूर्ण केलेला. म्हणजे घरात सर्वज्ञ एकटी मीच! आई, म्हणजे माझ्या सासूबाई, महापालिकेच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. झटक्यानंतर पाय सावरला, बोलणंही आलं. उजवा हात तेवढा रुसून बसला. आणि आईंचा हट्ट एकच : "बुद्धपौर्णिमेला मेणबत्ती मीच लावणार. काडीसुद्धा मीच ओढणार."

पौर्णिमा महिन्यावर आलेली.

तृप्ती नावाची ऑक्युपेशनल थेरपिस्ट घरी यायला लागली. मला वाटलं, ही चारपाच यंत्रं घेऊन येईल. तिनं मागितल्या भुईमुगाच्या शेंगा!

"आजींनी उजव्या हाताच्या चिमटीत धरून रोज फोडायच्या. त्यातूनच काडी धरायची ताकद येईल. किती फोडल्या ते लिहून ठेवा. आणि ताई, तुम्ही मदत करायची नाही."

"छे, अजिबात नाही!" (तेव्हा मी खोटं फार सफाईनं बोलायची. आता कवळीमुळे जमत नाही.)

पहिल्या दिवशी आईंनी अर्ध्या तासात तीन शेंगा फोडल्या. तेवढ्यात शेजारच्या कुंदाताई विरजण मागायला आल्या. आजारी सासू घाम गाळतेय आणि सून समोर हाताची घडी घालून बसलीय! विरजण विसरून त्या म्हणाल्या, "चालू द्या. असं सुख मिळायला नशीब लागतं."

संध्याकाळपर्यंत अख्ख्या सोसायटीत मी कैदाशीण!

मग काय? दुसऱ्या दिवसापासून आईंची बोटं शेंगेपर्यंत पोचायच्या आत मी ती फोडायची. "अगं, ती माझी..." म्हणेपर्यंत टरफल टोपलीत. आकडा मात्र आईंच्या नावावर! तीन, बारा, चाळीस, शंभर! कॉम्प्युटरवर मी त्याचा रंगीत आलेखही काढला. रेघ अशी चढली, की सिंहगड चढणाऱ्याला धाप लागावी.

तृप्ती हरखलीच. "कमाल आहे आजी! मग आता थेट काडेपेटीच घेऊ."

आईंनी काडी धरली. पडली. पुन्हा धरली. पुन्हा पडली. शंभर शेंगा फोडणाऱ्या हातात एक काडी ठरेना!

तृप्तीनं आधी आलेखाकडे पाहिलं, मग आईंकडे. "आजी, ही प्रगती कुणाची?"

"हिची," आई शांतपणे म्हणाल्या. "जन्मभर वर्गात कॉपी पकडली. पण दुसऱ्याचा पेपर स्वतःच लिहून टाकणारी पहिल्यांदा पाहिली." मग आलेख माझ्याकडे सरकवत, "माझा एक आठवडा खाल्लास गं."

मला जमिनीत तोंड खुपसावंसं वाटलं.

तृप्तीनं शिक्षा सुनावली : आईंचा सराव चालू असताना मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचं. बसले! नेमक्या कुंदाताई टपकल्या.

"अगंबाई! आता हिलाही झालं की काय?"

"हिचं जुनंच आहे," आई म्हणाल्या आणि कट्कन शेंग फोडली. स्वतः!

पौर्णिमेला घर पाहुण्यांनी भरलं. तृप्तीही आली. आईंची पहिली काडी मोडली. दुसरी मोडली. तिसरी विझली. माझे हात मांडीखाली नुसते वळवळत होते, पण मी जीव गेला तरी उठणार नव्हते. चौथी काडी पेटली, थरथरत वातीपर्यंत गेली आणि मेणबत्ती लागली!

सगळ्यांनी हात जोडले. मी सोडून. माझे दोन्ही हात इतके बधिर झालेले, की जागचे हलेनात!

आई वाकल्या. उजव्या हातानंच माझं मनगट धरून ओढलं आणि विचारलं, "तृप्ती, एवढी मदत चालेल ना?"

"चालेल आजी," तृप्ती म्हणाली. "पण उद्यापासून ताईंना शेंगा द्या."